आमूच्या स्की आणि चंपतचा हात

चंपत बागडेला सैल वस्तू बघवत नसे. भिलाईतल्या कोहक्यात कुणाच्या लग्नाला गेला तरी बसण्याआधी तो खुर्ची हलवून बघायचा. डुगडुगली की खिशातला पाना काढून, उकिडवा बसून, मांडवातच नट आवळायचा. नवरीकडचे लोक बघत राहायचे. त्याची बायको सुनिता तोंडावर पदर धरून म्हणायची, "याईले जेवन नोका वाढू, एखादा ढिला नट आनून द्या."

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. नंदिनी रोडवरच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये तो फिटर होता. तिथं ठेकेदाराच्या माणसानं कपलिंगचा एक बोल्ट हातानं फिरवून तसाच सोडला आणि 'टाइट है' म्हणून चहाला निघून गेला. मशीन चालू झाली आणि मनीराम साहूचा हात कोपरापासून गेला. मालक म्हणाला, मनीराम पिऊन आला होता. चंपतनं माणसं गोळा केली, मिलच्या फाटकावर बसवली, मनीरामला भरपाई मिळवून दिली आणि स्वतःची नोकरी घालवून घेतली. वर्षभरानं त्याच मालकाला त्याला परत बोलवावं लागलं, कारण त्याच्यासारखा फिटर दुसरा मिळेना. तेव्हापासून त्यानं एकच नेम धरला. कुणी 'झालं' म्हटलं की झालं मानायचं नाही. आपला हात लावून बघायचा.

दुकानदारांवर तर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि का असावा? बागडे हे आडनाव ऐकलं की चांगला माल फळीवर ठेवून मागचा काढून देणारे त्यानं आयुष्यभर पाहिले होते. तो भांडायचा, बिल मागायचा, माल परत करायचा. लोक त्याला तापट म्हणायचे. तापट नसता तर मनीराम भीक मागत असता, हे कुणी म्हणत नव्हतं.

अशा माणसाची एकुलती एक पोरगी आम्रपाली, घरची आमू, बर्फावर घसरायला शिकली. भिलाईत बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या पोत्यातली लादी. पण कॉलेजातून एनसीसीच्या कॅम्पला हिमाचलमध्ये गेली, पायाला फळ्या बांधून उतारावरून खाली आली आणि शिकवणाऱ्यानं तिचं नाव विचारून घेतलं. दोन हिवाळे ती भाड्याच्या स्कीवर खेळली आणि राज्याच्या संघात आली. तिसऱ्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथं वर येणाऱ्या मुलींना परदेशातल्या सरावासाठी निवडणार होते. आमूसाठी ज्युनियर गटाचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय निघून जाणार.

भाड्याच्या स्कीवर तिथं निभाव लागणार नव्हता. तिच्या कोचनं एका फौजी खेळाडूच्या वापरलेल्या, पण उत्तम स्की मिळवून दिल्या. फक्त त्यांवर बाइंडिंग बसवायचं होतं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी लोखंडी पकड. ती नेमक्या जागी भोक पाडून बसवावी लागते आणि स्कीच्या कडांना धार लावावी लागते. आता हे करणारा भिलाईत कोण?

सिविक सेंटरच्या एका दुकानात स्केट्सची चाकं बदलून मिळायची. तिथला माणूस म्हणाला, "अरे अंकल, लगा देंगे, इसमें क्या है." त्यानं सुताराकडून भोकं पाडून घेतली. पकड बसली, पण एक बूट दुर्गकडे तोंड करून आणि दुसरा रायपूरकडे. चंपतनं त्याच्या दुकानासमोर उभं राहून एवढा आवाज केला की शेजारच्या बँकेतला गार्ड बाहेर आला.

मग दिल्लीचं एक दुकान, इंटरनेटवर झकपक. स्की पाठवल्या, परत आल्या आरशासारख्या चमकून. आमूनं कडेवरून नख ओढलं. नखाचा भुगासुद्धा निघाला नाही. धार लावलीच नव्हती, नुसती पॉलिश मारून पाठवली होती. पकडीला तर हातच लावला नव्हता.

"पाह्यलं?" चंपत म्हणाला. "सारे चोर एकाच शाळेत शिकले."

शेवटी कोचनं मनालीच्या ठाकूरचं नाव दिलं. छोटं दुकान, बोर्डही धड नाही. चंपतनं आधी फोन केला, कारण खात्री केल्याशिवाय तो पार्सल सोडणार नव्हता. ठाकूरनं पैशांचं काही बोलायच्या आधी विचारलं, मुलीचं वजन किती, उंची किती, वय किती. बूट पण पाठवा म्हणाला, तळव्याची लांबी मोजावी लागेल. चंपत खूश झाला. मोजून काम करणारा माणूस आहे. तेवढ्यात ठाकूरनं विचारलं, "और गिरती कैसे है? आगे को, या बाजू में?"

चंपतचा चेहरा बदलला. "गिरने के लिए नहीं भेज रहे हैं लड़की को."

"सब गिरते हैं, साहब. मैं उसी के लिए पूछ रहा हूँ."

आमूनं फोन ओढून घेतला आणि आत जाऊन बराच वेळ बोलत बसली.

पार्सल परत आलं ते दिवाळीनंतर. सिविक सेंटरवाल्याची चुकीची भोकं भरून काढलेली, नवी भोकं शेजारी, दोन्ही पकडी एका रेषेत. आमूनं कडेवरून नख ओढलं तर पांढरा भुगा निघाला. ती नाचलीच. अंगणात चटईवर स्की ठेवून तिनं बूट अडकवला, खटकन आवाज आला.

"उभी राह्य," चंपत म्हणाला. तो खाली बसला, दोन्ही हातांनी बूट धरला आणि बाजूला पिरगाळला. चाळीस वर्षं पाने फिरवलेला हात तो. पकड उघडली आणि बूट बाहेर आला.

चंपतनं उघडी पकड बोटानं दाबून बघितली. मग म्हणाला, "ढिलं हाये."

"बाबा, तसंच असते ते."

"तसंच असते? माह्या हातानं निंगते तं पहाडावर का होईन?"

"पडली की निघायलेच पाहिजे नं. ठाकूरजींनी समझाया था मुझे. लावू मी फोन?"

लावला. ठाकूर शांतपणे सांगत होता. पकडीला एक स्क्रू आहे, शेजारी छोटी खिडकी आहे, त्यात आकडा दिसतो. तो आकडा मी मुलीच्या वजनावरून आणि बुटावरून लावला आहे. पाय वळला तर पकडीनं हाडाच्या आधी सोडायला पाहिजे. "आप तो मिल के आदमी हो. आपके यहाँ भी पिन लगती होगी, जो पहले टूटती है, ताकि रोल बच जाए."

लागते. चंपतपेक्षा चांगलं ते कुणाला ठाऊक? उत्पादन थांबू नये म्हणून मालक कच्च्या पिनेच्या जागी पोलादी पिन ठोकायला लावायचा, आणि त्यावरून चंपतनंच एकदा पाळी बंद पाडली होती. ठाकूरनं दुसरं कुठलंही उदाहरण दिलं असतं तर कदाचित त्यानं ऐकलं असतं. पण आपलीच गोष्ट एक दुकानदार आपल्याला शिकवतो आहे, हे त्याला सोसवेना.

"वो मशीन की बात है," तो ओरडला. "ये मेरी लड़की का पैर है! काम कच्चा करके ऊपर से पाठ पढ़ाते हो?"

"साहब, स्क्रू को हाथ मत लगाना. बस इतना कहता हूँ."

हात लावू नको म्हणणारा ठेकेदार चंपतनं आयुष्यात खूप पाहिला होता.

पुढच्या आठवड्यात आमू मैदानावर धावायला गेली होती आणि सुनिता भिलाई-३ ला बहिणीकडे. त्यानं खोका उघडला. दोन्ही स्की मांडीवर घेतल्या आणि स्क्रू फिरवले. खिडकीतला आकडा वर सरकत गेला. त्या आकड्यांचा हिशेब त्याला माहीत नव्हता, जास्त तेवढं मजबूत एवढं पुरेसं होतं. मग स्वतः बूट अडकवून पिरगाळून बघितला. हलला नाही. त्यानं खोका होता तसा बंद केला. त्याला त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं. पोरीसाठी त्यानं भाजीबाजारातून मासे आणले.

स्पर्धेआधीच्या कॅम्पवरून आमूचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, बूट बसवताना जोर से दाबना पड़ता है. थंडीनं असंन, नाही?"

"हो," चंपत म्हणाला. "थंडीनं कडक होते."

हे एवढं त्याला नंतर गिळता आलं नाही.

स्पर्धेत तिसऱ्या वळणावर ती पडली. उजवी स्की कशीबशी निघाली. डावी निघाली नाही. शरीर एकीकडे गेलं आणि ती लांब फळी पायाला घेऊन दुसरीकडे वळली. नडगीची दोन्ही हाडं मोडली. कोचनं फोनवर सांगितलं, "स्की खुली नहीं, अंकल. खुल जाती तो उठके खड़ी हो जाती."

कुणालाही त्या क्षणी कळलं असतं, आणि चंपतलाही कळलं. पण कळणं एक आणि तोंडानं म्हणणं एक. चौकात मिलच्या युनियनमधला राजदीप आणि बाकीची पोरं जमली होती. ती चंपतला बापाच्या जागी मानायची. राजदीपनं विचारलं, "दादा, कसं झालं?" आणि चंपतच्या तोंडून निघालं, "दुकानदारानं काम बिघडवलं."

एकदा निघालं ते निघालं. राजदीपनं मोबाइल समोर धरला. चंपत मजुरांच्या प्रश्नांवर असे व्हिडिओ करायचा, लोक ऐकायचे. त्यानं ठाकूरचं नाव घेतलं, दुकानाचं ठिकाण सांगितलं. गरिबाच्या पोरीच्या पायाशी खेळतात, म्हणाला. आवाज खरा होता, डोळ्यांत पाणीही खरं होतं. व्हिडिओ भिलाईतून निघून कुठल्या कुठे गेला. दोन राज्यांच्या संघांनी ठाकूरकडचं सामान उचलून नेलं, हे कोचनं नंतर आमूला कळवलं.

आमू घरी आली ती मांडीपर्यंत प्लास्टर घेऊन. वय गेलं, निवड गेली, यातलं ती काही बोलली नाही. तिनं आईला खोक्यातून डावी स्की काढायला सांगितली, मांडीवर घेतली आणि त्या खिडकीत बघत राहिली. मग बापाकडे बघितलं. तो नळाचा वायसर बदलायला मोरीत गेला.

रविवारी भेटायला लोक आले. शेजारची गयाबाई केळी घेऊन आली, राजदीप दोन पोरांना घेऊन.

"मुडदा बशिवला त्या दुकानवाल्याचा," गयाबाई म्हणाली. "किती गुनाची पोरगी माही."

"सोडाचं नाही त्याले," राजदीप म्हणाला. "दादा, आपन ग्राहक मंचात केस टाकू. वकील माह्या ओळखीचा हाये. कावून सोडाचं?"

चंपत बशीत चहा ओतत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि आमूही बघत होती. तिनं त्याला पुष्कळ वेळ दिला. त्यानं बशी तोंडाला लावली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"टाकू," तो म्हणाला.

"कोणावर?" आमूनं विचारलं.

राजदीप तिच्याकडे वळला.

"राजदीपदादा, ठाकूरजींनी जो नंबर लावला होता तो मुझे पता है. त्याईनं फोनवर सांगितला होता. आता खिडकीत त्याच्या दुप्पट हाये. मी फिरवला नाही. आईले तं स्क्रू कुठे हाये तेही माहीत नाही." ती थांबली. "बाबा, आपही बता दो."

सुनितानं चंपतकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं मान खाली घातली. एवढ्या वर्षांत मालकासमोर, पोलिसांसमोर न झुकलेली मान.

"ढिलं होतं ते," तो पुटपुटला. "माह्या हातानं निंगत होतं."

राजदीप उठला. त्याला काय करावं कळेना. "येतो दादा, जय भीम," म्हणाला आणि पोरांना घेऊन गेला. गयाबाईनं केळी उगाच एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

त्या दिवशी चंपतनं व्हिडिओ काढून टाकला. पण काढून टाकल्यानं काय होतं? ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता. खरं काय ते सांगणारा दुसरा व्हिडिओ कर, असं सुनिता म्हणाली. तो रोज उद्या म्हणायचा. मिलच्या फाटकावर शंभर माणसांपुढे तासभर बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना.

शेवटी एका दुपारी तो गल्लीच्या टोकाला गेला आणि ठाकूरला फोन लावला. "मैं चंपत बागडे बोल रहा हूँ, भिलाई से." पुढे काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरला. "वो स्क्रू मैंने घुमाया था."

पलीकडे कुठलीशी मशीन चालू होती, ती बंद झाली.

"मालूम है," ठाकूर म्हणाला. "अपने लोगों को भी बता देना. मुझे बताके क्या होगा? और आगे से लड़की का काम हो तो लड़की बात करेगी. आप मत करना."

फोन बंद झाला. चंपत घरी आला. आमू खाटेवर बसली होती, मोबाइल हातात. त्याला वाटलं, आपण फोन केला हे तिला सांगितलं तर ती निदान वर बघेल.

"ठाकूरशी बोललो मी," तो म्हणाला. "सांगतलं त्याले. त्यो म्हने, पुढचं काम तू सोता बोलजो."

"मी रोज बोलते त्याईच्याशी," आमू म्हणाली. "स्की परवाच पाठवल्या. आता तिकडेच राहतील."

चंपतनं कोपऱ्यात बघितलं. खोका नव्हता. दोन दिवस तो त्याच खोलीत जेवला, झोपला, आणि त्याला दिसलं नव्हतं.

आमूनं वॉकर जवळ ओढला आणि उठायला लागली. त्यानं हात पुढे केला.

"आई," तिनं हाक मारली, "जरा ये न वं इकडे."