नाना गुरवांच्या हातचं माप

नाना गुरव आमच्या पॉलिहाऊसमध्ये खताचं पाणी तयार करायला बसले, की आधी हात कोपरापर्यंत धुवायचे. मग लाल बादलीत कॅल्शियमचं खत विरघळवायचं. ते झालं की पुन्हा हात धुवायचे, खांद्यावरचा पंचा बदलायचा, बसायची जागासुद्धा बदलायची, आणि मग हिरव्या बादलीतल्या बाकीच्या खतांना हात लावायचा. लाल बादलीतला प्लास्टिकचा मग हिरवीत गेलेला त्यांना खपत नसे. एकदा मी घाईत तो तसाच बुडवला, तर त्यांनी अख्खी हिरवी बादली उचलून लिंबाच्या झाडांना ओतली. "ह्या दोघी जावा हायेत बे," ते म्हणाले. "एका चुलीपाशी बसवल्या का भांडन. मोठ्या घरात सोडल्या त वर्सानुवर्सं नांदतात." घट्ट असताना ही खतं एकत्र आली की तळाला चुन्यासारखा साका बसतो, हजार लिटरच्या टाकीत मात्र ती गुण्यागोविंदानं राहतात. हे मी वाचून शिकलो होतो. नानांनी त्याचं सोवळंच करून टाकलं होतं.

मी विलास. मेहकरपासून चार किलोमीटरवर आमचं शेत. सोयाबीनला कंटाळून दहा गुंठ्यांवर पॉलिहाऊस टाकलं आणि मातीशिवाय, पाइपांतून वाहणाऱ्या खताच्या पाण्यावर लेट्यूस घ्यायला लागलो. लेट्यूस म्हणजे सँडविचात घालतात तो पाला. आमच्याकडे तो कोणी खात नाही, संभाजीनगरच्या हॉटेलांत जातो. माझे वडील त्याला अजूनही "तुहा तो शहरी पाला" म्हणतात. नाना आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, म्हणजे बाटल्या धुणारे आणि द्रावणं करून ठेवणारे. तीस वर्षांत त्यांनी केलेलं द्रावण चुकलं असं कधी झालं नाही. प्राध्यापक बदलत गेले, नाना तेच राहिले. प्रॅक्टिकलला माझं उत्तर चुकलं की मी द्रावणाला दोष द्यायचो, आणि सर हसून म्हणायचे, "नानांनी केलंय ते. तू तुझं बघ." निवृत्तीनंतर सकाळी गल्लीतल्या मारुतीची पूजा आटोपली की ते मोकळेच असायचे. मी विचारलं, आणि ते दुसऱ्या दिवशी हजर. दोन पंचे तेवढे त्यांनी मला आणायला लावले.

पाण्याचं शास्त्र ते स्वयंपाकघरातून समजावत. आमचं पाणी थोडं आंबट, म्हणजे पीएच सहाच्या जरासा खाली ठेवावा लागतो. मी विचारलं, इतका काटेकोरपणा कशाला? तर म्हणाले, "कढीले आंबटपना नसला त भात उतरते का घशाखाली? तसं पान्याले आंबटपना नसला त लोह उतरत नाही मुयाईत." मुया म्हणजे मुळं. अ‍ॅसिड ते थेंब मोजून घालत, आणि प्रत्येक थेंबाची नोंद एका दोनशे पानी वहीत करत. पाण्यात खत किती आहे हे सांगणारा ईसी मीटर मी हौसेनं आणला होता. नानांनी तो कौतुकानं उलटून-पालटून पाहिला. "चांगला हाये," म्हणाले. "पन हा फक्त खारट किती ते सांगते. काय खारट हाये ते नाही सांगत. ते आपन थैलीवर वाचाचं." खर्चाचं मी रडगाणं गायलो की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "खत महाग नाही बे. वाया जाते ते खत महाग हाये." टाकीतून उपसलेलं जुनं पाणीही ते मिरचीला, गवती चहाला सोडत, गटारात एक लोटा जाऊ देत नसत.

नानांच्या हाताची कीर्ती आमच्या पॉलिहाऊसपुरती नव्हती. भंडाऱ्याचा स्वयंपाक देवाला नैवेद्य दाखवण्याआधी कोणी चाखत नाही. मग पाचशे माणसांच्या वरणात मीठ किती घालायचं? त्यासाठी नानांना बोलावणं जायचं. ते कढईपाशी उभे राहत, डाळ किती शिजवली ते विचारत, पाण्याच्या रेषेकडे बघत, आणि ओंजळीनं मीठ सोडत. एकदाही कमी-जास्त झालं नाही. मेहकरात चार गल्ल्यांत म्हण पडली होती, की घड्याळ चुकेल पण नानांचं मीठ चुकणार नाही. नाना हे ऐकून लाजत, पण ते त्यांना आवडायचं. त्यांच्याकडे शेत नव्हतं, पैसा नव्हता. होतं ते हेच.

आता माझं सांगतो. तिसऱ्या हंगामात विद्राव्य खतांचे भाव वाढले. पालाशाच्या, म्हणजे पोटॅशच्या, चांगल्या खताची थैली घेताना माझा जीव वरखाली व्हायचा. एका दुकानदारानं निम्म्या किमतीत दुसरं खत दाखवलं. "तेच हाये भाऊ, फक्त नाव नाही," तो म्हणाला. तेच नाही हे मला कळत होतं. नानांना ते चाललं नसतं, हेही कळत होतं. म्हणून एका दुपारी, नाना यायच्या आत, मी ते खत चांगल्या खताच्या रिकाम्या थैलीत भरलं आणि वर सुतळी जशीच्या तशी बांधली. इतकं नीट काम मी कॉलेजात केलं असतं तर नापास झालो नसतो.

नानांनी थैली उघडली, चिमूट बोटांत चोळली. "हे जरासं येगळं वाटून राह्यलं बे."

"नवा लॉट आहे, नाना."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि वजन करायला लागले. माझ्या शब्दापुढे स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवायचा नाही, असं त्यांनी त्या क्षणी ठरवलं असावं. मीटरचा आकडा बरोबर आला. पीएच मात्र खाली येईना. नेहमीपेक्षा दुप्पट थेंब घालावे लागले, आणि तेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं.

नऊ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आधी एका रांगेच्या, मग सगळ्यांच्या. त्या पाण्यात भलतंच मीठ होतं आणि झाडाला हवं ते नव्हतं. काढणीला आलेली अख्खी खेप गेली. नाना पाइपांमधून फिरत एकेक पान उलटून बघत होते आणि मी बाजूला उभा राहून हॉटेलवाल्याशी फोनवर बोलत होतो. तो चिडला होता. मी म्हणालो, "आमच्या माणसाकडून माप चुकलं, साहेब. पुन्हा नाही होणार." नाना चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं. मी फोन ठेवला तेव्हा ते वही उघडून बसले होते. बोट त्या दुप्पट थेंबांवर होतं.

"माह्याच हातून झालं विलास," ते म्हणाले. "अ‍ॅसिड जास्त पडलं. पाह्य, लिवलेलं हाये."

त्या वेळी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "जाऊ द्या नाना, होतं एखाद्या वेळी." म्हणजे वर उपकारही केले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पंचे मात्र धुऊन, घडी करून कोणाच्या तरी हाती पाठवून दिले, कारण ते मी विकत घेतलेले होते.

मी उरलेलं खत खड्ड्यात पुरलं, चांगलं खत आणलं, आणि स्वतः मोजून पाणी करायला लागलो. पीक सुधारलं. लोक म्हणाले, विलासनं आता हातात घेतलं म्हणून सुधारलं. मी ऐकून घेतलं.

त्या हिवाळ्यात साखरखेर्ड्याला एका मंगल कार्यालयात तरुण शेतकऱ्यांनी प्रशिक्षण ठेवलं. पाण्याचा ईसी आणि पीएच यावर बोलायला नानांना बोलावलं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो. नानांनी जावांची गोष्ट सांगितली, कढीची सांगितली, लोक हसले. मग ते थांबले आणि म्हणाले, "आता माही चूक सांगतो. विलासभाऊचा समदा माल माह्या हातानं गेला. पीएच खाली येत नव्हता, म्या दाबून खाली आनला. तवाच थांबाले पायजे होतं. तीस वर्सं मले वाटे का माहा हात चुकत नाही. तुमी असं समजू नोका. माप दोन खेपा घ्या." साठ-सत्तर माणसं असतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अजून कधी टाळ्यांचा आवाज कानावर आला की मला माझेच तळहात दिसतात आणि शरम वाटते.

पुढे चैत्रात हनुमान जयंतीचा भंडारा होता, नानांच्याच मारुतीचा. मी पंगतीला बसलो. वरण अळणी होतं. शेजारचा म्हणाला, "नाना मिठाले हात लावत नाहीत आता. म्हनतात, माह्या हातचं माप गेलं." नाना समोरच वाढत होते, माझ्या पानावर त्यांनी आग्रहानं बुंदी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. थैली, सुतळी, नवा लॉट, फोन. नाना ऐकत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो खताचा. कोणतं होतं, मूळ थैलीवर काय छापलं होतं, त्यात सोड्याचा अंश होता का. मग स्वतःशीच मान हलवली. "म्हनून अ‍ॅसिड खात होतं ते. म्हनजे थेंब बरोबर होते." त्यांच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मी विसरणार नाही. आणि ते मावळलेलंही विसरणार नाही, कारण त्यांना दुसरं काहीतरी आठवलं होतं.

"साखरखेर्ड्याले तू समोरच बसेल होता ना बे?"

"हो, नाना."

"मंग आता मले एकट्याले काऊन सांगून राह्यला? म्या त समद्याईसमोर सांगतलं होतं."

आवाजात राग नव्हता. खरोखर न कळल्यासारखे ते विचारत होते. मी म्हणालो, पुढच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगतो. ते "हाव" म्हणाले आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

पुढचा मेळावा श्रावणात झाला. माझ्या हातात माइक होता, समोर तीच माणसं होती. मी खताच्या खर्चावर वीस मिनिटं बोललो, चांगलं बोललो, आणि खाली बसलो. नाना आले नव्हते. त्यांच्या कानावर गेलं असेलच, मेहकर काही मोठं नाही. कार्तिकात ते गेले. झोपेतच गेले म्हणतात. मधल्या काळात त्यांनी कुठे मीठ घातलं का, हे मला माहीत नाही. काकूंना विचारायला मला तोंड नव्हतं.

यंदा धाड गावी एका तरुणाच्या पॉलिहाऊसवर गेलो होतो. नवा, उत्साही मुलगा, वडील-काका सगळे गोळा झालेले. टाकीवर त्यानं रंगानं लिहून ठेवलं होतं, 'माप दोन खेपा घ्या.' मी बघतोय हे पाहून तो म्हणाला, "मेहकरच्या नानासारखं व्हाले नको ना भाऊ. तुमचा समदा माल गेला होता म्हनतात त्याईच्या हातानं."

तेव्हा मात्र मी सांगितलं. पाच-सहा जणांसमोर, उभ्या उभ्या, काहीही न वगळता. नानांचं माप बरोबर होतं. खत मी बदललं, खोटं मी बोललो, आणि ते जिवंत असताना चारचौघांत कबूल करायची मला हिंमत झाली नाही.

मग त्या मुलाच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि माझ्यापुढे हात जोडले. "मोठं मन लागते भाऊ," ते म्हणाले. "गेलेल्या मानसाची चूक आपल्या अंगावर कोन घेते आजकाल?"

"नाही हो काका, खरंच मीच केलं ते."

"समजलं, समजलं," ते म्हणाले, आणि पोराकडे वळले. "पाह्य, गुरूवर पांघरून कसं घालावं ते शिक याईच्यापासून."

मी पुन्हा सांगितलं. थैलीचं, सुतळीचं सांगितलं. जितकं सांगावं तितका त्यांच्या नजरेतला आदर वाढत होता. शेवटी मेहकरकडे जाणारी जीप आली. गच्च भरली होती. मुलाच्या वडिलांनी पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला उठवलं, मागे पाठवलं, आणि ती जागा मला दिली. मी बसलो.