टेंटरवरचे हात

आमच्या सासूबाईंना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही. तरी शाळेतल्या मुलांसाठीच्या इंग्रजी वाक्प्रचारकोशातली घोडचूक त्यांनीच पकडली. कुणी विचारो न विचारो, मी हे सांगतेच.

कोशात प्रत्येक वाक्प्रचाराचा सोप्या इंग्रजीत अर्थ, तो कुठून आला त्याची गोष्ट आणि एक चित्र द्यायचं होतं. कोशाच्या कचेरीत मी मदतनीस. ‘ऑन टेंटरहुक्स’ म्हणजे आपलं मराठीतलं ‘जीव टांगणीला लागणं’. आपल्याकडे टांगणी, त्यांच्याकडे हुक, म्हणजे काहीतरी टांगतच असणार, असं संपादकसाहेबांनी आणि मी परस्पर ठरवून टाकलं. मोठा शब्दकोश उघडायचे कष्ट दोघांनीही घेतले नाहीत. चित्रकाराने खाटकाच्या दुकानातले मांस टांगायचे आकडे काढून दिले.

ते पान मी घरी तपासत बसले होते. सासूबाई भाजी निवडता निवडता डोकावल्या. मी वाक्प्रचार मोठ्याने वाचला.

“टेंटर? अगं, टेंटरवर मांस कशाला टांगतील? सव्वीस वर्षं उभी होते मी त्याच्यापुढे!”

त्या लोकरी कापडाच्या कारखान्यात होत्या, हे मला माहीत होतं. तिथे नेमकं काय करायच्या, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आता त्यांनी सांगितलं: खोलीभर लांब लाकडी चौकट म्हणजे टेंटर. तिच्या वरच्या आणि खालच्या दांडीला वाकवलेले खिळे, तेच हे हुक. ओल्या कापडाचे दोन्ही काठ त्यांत अडकवायचे, कारण लोकर वाळताना आकसते. सैल राहिलं तर कापड वेडंवाकडं होतं, जास्त ताणलं तर फाटतं. म्हणून वाळेपर्यंत तळहाताने चाचपत राहायचं.

कारखाना पाच वर्षांपूर्वी बंद पडला. “चौकटी सरपणाला गेल्या, आम्ही बायका चार दिशांना पांगलो,” सासूबाई म्हणाल्या. “आता पुस्तकात तरी नीट लिहा गं. नाहीतर पोरं म्हणतील, खाटकाचं काम ते.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं. ते हसले. “सासूबाईंच्या सांगण्यावरून पान बदलायचं? परवा छपाईला जायचंय.”

मी घरी येऊन चडफडले.  सकाळी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून माझ्याआधी दारात तयार!

कचेरीत त्यांनी साहेबांच्या गळ्यातला लोकरी मफलर मागितला. साहेबांनी भिडेपोटी दिला. बाईंनी तो नळाखाली भिजवला, पिळला आणि सूचनाफलकावर दोन्ही काठांनी टाचण्या मारून ताणून बसवला.

“अहो, बायकोने विणलाय तो!”

“मग लक्ष ठेवा. सैल वाटला तर ताणा, फाटेलसं वाटलं तर टाचणी सोडा. मी जरा चहा घेते.”

साहेब दर दहा मिनिटांनी उठून फलकापाशी. फोन वाजला तरी नजर मफलरवर. “आकसतोय हो. फाटणार नाही ना?”

“हेच ते, साहेब,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही रोज असंच उभं राहायचो.”

दुपारी मफलर इस्त्री केल्यासारखा सरळ निघाला. साहेबांनी तो गळ्यात घातला आणि मुकाट्याने मोठा शब्दकोश उघडला. कापड ताणून वाळवायची चौकट, एवढंच होतं तिथे.

“बाकीचं तुम्ही सांगा, बाई,” असं म्हणून त्यांनी स्वतः पेन घेतलं. सासूबाई सांगत होत्या आणि मी नव्या चित्रासाठी चित्रकाराला फोन लावत होते.

पुस्तक आलं. चित्रात चौकट, त्यावर ताणलेलं कापड आणि कापडावर एका बाईचा तळहात. सासूबाई प्रत पिशवीत घालून सकाळीच निघाल्या, पांगलेल्या मैत्रिणी शोधायला. अकराच्या सुमारास मला त्यांचा फोन आला.

“अगं, ही माझी कारखान्यातली मैत्रीण चित्र बघून रडायलाच लागलीय. त्या पानावर काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखव तिला. सगळं वाच. घाई करू नकोस.”

मी कचेरीतली प्रत उघडली, मधोमध उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले.