जिनिंगच्या आवारातला बास्केटबॉल

मालकांचा खेळतानाचा फोटो बघायचा, एवढ्या एका कामासाठी मी शिरूरहून माजलगावला जाऊन आले. मध्ये गेवराईला भाचीकडं मुक्काम. लोक काशीला जातात, मी कापसाचं जिनिंग बघून आले, आणि लई खुशीत आले!

मालक माजलगावला कॉलेजात असताना विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल संघात होते. उंचावर लोखंडाची कडी असते, तिच्यात चेंडू टाकायचा, एवढंच मला त्या खेळातलं कळतं. आमचं लग्न नंतरचं, त्यामुळं त्यांना खेळताना मी कधी बघितलं नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. घरात फोटो एकच, दूध सोसायटीच्या कार्डावरचा, टक्कल पडल्यावरचा. तरुणपणी तोंड कसं होतं ते मला माहीत आहे, पण ते आता नीट डोळ्यापुढं येईना झालं. अशात माजलगावच्या देशमाने सरांचा फोन आला. सर निवृत्त झालेत आणि त्या संघाचा इतिहास लिहायला बसलेत. "जुने फोटो जमा केलेत, ताई, एकदा येऊन बघा," म्हणाले.

हे ऐकलं आणि आमच्या वन्सं, म्हणजे मालकांची धाकटी बहीण द्वारका, पिशवी भरूनच आल्या. "भाऊ माजा व्हता, वैनी. तुमी एकट्या कावून जाताव?"

सकाळच्या एसटीनं निघालो. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं आम्ही दोघी मिळून एका माणसाच्या पैशात. तुम्ही गेलात तर डावीकडची खिडकी धरा, उजवीकडं ऊन भाजतं. माघ सरत आला होता. वाटेतल्या वस्त्यांवर निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. रानात कापसाच्या नुसत्या वाळल्या पऱ्हाट्या. एका फाट्यावर टँकर उभा आणि त्याच्यामागं घागरींची रांग, बाया मात्र सावलीला बसून गप्पा मारत होत्या. घागरीच नंबर धरतात आमच्याकडं, आणि नंबर कोणी मोडत नाही.

गेवराईच्या स्टँडबाहेर कांदाभजी खाल्ली. वीस रुपयांत दोघींचं पोट भरलं. वन्संना गाडी लागते, तरी त्यांनी मिरच्या पण खाल्ल्या. पुढं काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गढी फाट्यावरून माजलगाव. रस्ता चांगला आहे, पण उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, त्यामुळं अर्धा तास जास्त धरा. धरणाचं पाणी आलेला भाग लागला आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. वन्संनी पदर तोंडावर ओढला. "ह्ये हिरवं बगून डोळं दुखायलेत माजे," म्हणाल्या. मला हसू आलं, पण त्यांचे डोळे खरंच भरले होते.

पोरं खेळायची ते जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार अजून आहे. पत्रे गंजलेत, फरशी मात्र चांगली. सर तिथंच खुर्च्या मांडून बसले होते. त्यांनी सांगितलं, बहात्तरच्या दुष्काळात कापूसच आला नाही, तेव्हा शेतकऱ्यांच्या या सहकारी जिनिंगची सिमेंटची फरशी नुसती तापत पडलेली. चेअरमन म्हणाले, पोरांनो, खेळा. कडी विकत आणायला कोण देणार? मग मोडक्या बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून एका मिस्त्रीनं कडी वळवून दिली. माप कोणालाच माहीत नव्हतं, ती झाली लहान. पोरं वर्षभर त्या लहान कडीत चेंडू टाकत बसली. विद्यापीठाच्या निवडीला गेली तेव्हा तिथली कडी त्यांना विहिरीएवढी दिसली! या आवारातले तिघं संघात निवडले गेले, त्यात आमचे मालक.

सरांनी वही उघडून नाव दाखवलं. मग फोटो काढला, अंतिम सामन्यानंतरचा. मी चष्मा पुसला. बोट ठेवून एकेक तोंड बघितलं, पहिली ओळ, मागची ओळ. परत बघितलं.

"ह्यात ते न्हाईत," मी म्हणाले.

सर ओशाळले. "सामन्याच्या आधीच त्यांनी संघ सोडला होता, ताई. मला वाटलं, दुसऱ्या एखाद्या फोटोत तुम्ही ओळखाल."

दुसरे चार फोटो बघितले. त्यातही नव्हते. वन्सं खाली बघून बोलल्या, "आमचं आबा आजारी पडलं. बैलं जगवायला गोदाकाठी न्यायची व्हती. दादाच घिऊन गेलता."

एवढ्या लांब आले, वाटेत भजी खाल्ली, हसले, त्या सगळ्याचीच लाज वाटली.

कोपऱ्यात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ बसले होते. युसूफभाई, त्या तिघांतले एक, कडी वळवणाऱ्या मिस्त्रींचा मुलगा. ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "भाभी, फोटू न्हाई तर न्हाई. मी हाय ना. आना बे तो चेंडू."

एका पोरानं आणला. म्हातारा डाव्या पायाच्या चवड्यावर उभा राहिला, डाव्या हातानं चेंडू सोडला आणि हात तसाच वर, मनगट खाली लोंबतं ठेवून थांबला. चेंडू भिंतीवरच्या त्या जुन्या कडीपर्यंत गेलाच नाही.

"माजा चुकला," ते म्हणाले. "त्याचा चुकत नव्हता. पर हात त्यो असाच ठिवायचा, चेंडू खाली पडंस्तोवर."

"अगं माय, दादाच की ह्यो!" वन्सं ओरडल्या.

तो हात मी चाळीस वर्षं बघितला होता. कडब्याची गंज रचताना मालक खालून पेंढी वर फेकायचे, आणि फेकल्यावर हात तसाच टांगून ठेवायचे. गाडीतून पेंढ्या काढून त्यांच्या हातात मी द्यायची. दरवर्षी मी चिडायची, "पेंढी गेली की वर, आता हात कशाला टांगलाव?" ते म्हणायचे, "पडू दे आधी."

मला वाटायचं, कामचुकारपणा.

घरी आले तर सून दारातच, "मिळाला का फोटो?" नाही मिळाला म्हणून सांगितलं. तिला वाईट वाटलं, मला तेवढं वाटलं नाही. एकाच गोष्टीचा जीवाला चटका आहे. इतकी वर्षं माझ्यासमोर खेळत होते आणि मी पेंढ्या मोजत होते. एकदा तरी थांबून नीट बघितलं असतं.

औंदा कडबा कमीच, गंज कमरेएवढी. मुलगा दोन्ही हातांनी सरळ फेकतो, त्याचं काम लवकर आटपतं. तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी एक पेंढी उचलली, चवड्यावर उभी राहिले आणि फेकली. गंजीच्या अलीकडंच पडली. हात मात्र मी खाली घेतला नाही.