चांगुणाबाईंच्या विहिरीतला बिनडोळ्यांचा जीव

वालूरच्या शिवारातली ती विहीर चांगुणाबाई आणि त्यांचे मालक बन्सीधर या दोघांनी मिळून खोदलेली. ते सुरुंग लावायचे, या टोपल्यांनी दगड वर काढायच्या. एका सुरुंगानं चांगुणाबाईंचा डावा कान कायमचा गेला. पण त्याच सुरुंगानं काळ्या दगडाला भेग पडली आणि मनगटाएवढा झरा उसळला. "कान दिला, पाणी घेतलं," असं त्या हसत सांगत. बन्सीधर गेल्यावरही उन्हाळ्यात गाळ काढायला त्या दोराला धरून खाली उतरायच्या. अलीकडं गुडघे ऐकेनात, तेव्हा कुठं थांबल्या.

मागच्या उन्हाळ्यात भक्ती नावाची संशोधक गावात आली. जमिनीखालच्या पाण्यात कोणकोणते जीव राहतात, ते शोधत ती विहिरीमागून विहिरी धुंडाळत होती. तिनं एक बारीक जाळी झऱ्याच्या तोंडाशी सोडली, वर ओढली, आणि बाजेवर सूक्ष्मदर्शक मांडून बराच वेळ डोळा लावून बसली. मग हळूच म्हणाली, "आजी, या. बघा."

चांगुणाबाई लगबगीनं बाजेजवळ आल्या. "किडे पडले का गं? हेच पाणी पितो आमी."

"पाण्यात विष असतं, तर हे जगलेच नसते."

त्यांनी वाकून पाहिलं. तांदळाच्या कणीहून लहान, काचेसारखा आरपार जीव. पायांची रांग लयीत हलत होती. आतलं आतडंसुद्धा दिसत होतं.

"डोळे कुठायत ह्याला?"

"नाहीत. दगडाच्या भेगांमधल्या पाण्यात राहतो, पिढ्यानपिढ्या अंधारात. असा मी तरी आजवर पाहिलेला नाही. बहुतेक नवाच आहे."

"म्हंजे आमी सुरुंग लावायलो, तवा हे आत होते?"

"माणूस नव्हता, तेव्हाही यांचं घराणं होतं, आजी."

चांगुणाबाईंनी पुन्हा डोळा लावला तो लावलाच. सुनेनं आणलेला चहा तसाच निवला.

चार दिवसांनी शेजारचा महारुद्र नेहमीसारखा फवारणीचा पंप धुवायला विहिरीच्या काठावर आला. चांगुणाबाई उठून त्याला आडव्या आल्या.

"हितं नको. लांब घेऊन जा."

"का? खाली कोण बसलंय काकू?"

"हायत. आपल्या आधीपास्नं हायत."

तो हसला, पण पंप उचलून घेऊन गेला.

दिवाळीनंतर भक्तीचा फोन आला. जाणकारांनी तपासलं होतं. तो जीव खरोखरच नवा होता, आजवर कुठंही नोंद नसलेला. चांगुणाबाईंनी दोनदा विचारून खात्री केली आणि फोन सुनेच्या हाती दिला. मग त्या विहिरीवर गेल्या. पाणी नेहमीसारखंच काळंभोर, थिर होतं. वरून काहीसुद्धा दिसत नव्हतं. तरी डोक्यावरचा पदर सावरून, देवळात उभं राहावं तशा त्या काठाशी उभ्या राहिल्या. सुनेनं दोन हाका मारल्या, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.