लोकरीतला शिवनेरी

जुन्नरला मी मावशीकडे राहून शिकलो. माझं गाव अवसरी बुद्रुक. वडील शेती करत, आणि मंचरला चुलत्यांचं किराणा दुकान होतं. मॅट्रिक झाल्यावर मी त्या दुकानात बसायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. मला मुंबईला चित्रकला शिकायला जायचं होतं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. जुन्नरच्या वाचनालयाचं नवं दालन पुरं होत आलं होतं. अध्यक्षांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर शिवनेरीचं मोठं चित्र लावायचं, असं मंडळींनी ठरवलं आणि मला विचारलं. ही गोष्ट वडिलांच्या कानावर गेली.

"तुझं चित्र त्या भितीवर लागलं तर जा मुंबईला," ते म्हणाले. "न्हाई लागलं तर दुकान. मग कुरकुर चालायची न्हाई."

माझ्या वर्गात पिंजाऱ्याचा एक मुलगा होता. त्याचे वडील घरोघरच्या गाद्यांचा कापूस पिंजत, आणि पावसाळा सरला की धनगरांकडून लोकर घेऊन बुरणूस करत. बुरणूस विणत नाहीत. पिंजलेल्या लोकरीचे थर एकावर एक पसरतात, त्यांवर साबणाचं गरम पाणी शिंपडतात आणि तरटात गुंडाळून ती वळकटी लाटत राहतात. तंतू एकमेकांत रुततात आणि जाड, सलग तुकडा तयार होतो. मधोमध रंगीत लोकरीचं फूल नाहीतर चांद असे. तेवढीच नक्षी त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती.

चित्रकलेत मला त्याच्यापेक्षा नेहमी जास्त गुण मिळत. त्याची रेघ जाड होती, माणसांचे हात कायम आखूड यायचे. तरी ड्रॉइंगचे मास्तर माझी वही पाहून "ठीक" म्हणत आणि त्याच्या बाकापाशी जाऊन थांबत. तो स्वतःच्या चित्राला हसायचा, मग मास्तरही हसायचे. मी कागदावरून मान वर करायचो नाही, पण त्यांच्या हसण्या-बोलण्यातला एक शब्दही माझ्या कानांतून सुटत नसे.

वाचनालयाची बातमी कळताच तो परस्पर अध्यक्षांना भेटला.

"काका, रंग लावताय व्हय? एका पावसात पोपडं सुटतील," तो म्हणाला. "लोकरीचा गड करून देतो. थंडी वाजली तर पांघरायलाबी येईल."

अध्यक्ष मोठे जमीनदार होते आणि सहसा हसत नसत. ते हसले. "आण. दोन्ही बघू," ते म्हणाले. हे त्यानेच मला येऊन सांगितलं, साखर वाटावी तसं.

शिवाय मावशीच्या ओसरीवर बसून म्हणाला, "गड्या, एक काम कर. तुझ्या चित्राचा खाका दे. मला डोंगर जमत न्हाई. मी काढला की म्हैस बसल्यासारखी दिसती."

मी खाका दिला. त्याला माझी रेघ लागते, हे मला बरं वाटलं.

आज मी ॲक्रिलिकमध्ये काम करतो. तो रंग पाण्यात कालवता येतो, लवकर सुकतो आणि एकदा सुकला की हलत नाही. तेव्हा आमच्याकडे पुडीतले कोरडे रंग होते. ते डिंकाच्या पाण्यात घोटायचे. डिंक कमी पडला तर रंग बोटाला येई, जास्त झाला तर तडकून निघे. जुन्नरात हाताने कागद करणारी घरं होती. त्यांच्याकडचे जाड कागद आणून मी ते मांजरपाटावर चिकटवले आणि मावशीच्या पडवीत काम सुरू केलं. कातळाचा करडा रंग मला पुन्हा पुन्हा घोटावा लागला. ओला असताना बरोबर दिसायचा आणि सुकल्यावर पांढुरका पडायचा.

मधूनच मी त्याच्या अंगणात जाऊन येत असे. मदतीला म्हणून जायचो, पण खरं तर किती झालं ते पाहायला. त्याने हळदीत, निळीत, डाळिंबाच्या सालीत लोकर रंगवली होती. काळी आणि तपकिरी मेंढीच्या अंगचीच होती. कातळासाठी तो काळ्या-पांढऱ्या लोकरीची चिमूट बोटांनी विंचरून एकत्र करी, आणि मला दिवसभर न साधलेला करडा रंग त्याच्या चिमटीत तयार होई.

एकदा त्याने मला थोडी लोकर पसरायला दिली. ओल्या बोटांना चिकटून ती माझ्या हाताबरोबर वर आली आणि खाली भोक पडलं. त्याची आई दारात लसूण सोलत होती. "अवो चित्रकार, मांजर खेळल्यागत काय करताय?" ती म्हणाली. बाप-लेक खदखदून हसले. मीही हसलो. त्या दिवसानंतर मी तिकडे गेलो नाही.

चित्रं पाहायचा दिवस रविवार होता, म्हणजे जुन्नरच्या बाजाराचा. दालनाचं दार उघडं होतं आणि पाट्या-पिशव्या घेऊन बाजारकरी आत डोकावत होते. माझं चित्र आधी लावून पाहिलं. गावातून दिसतो तसा शिवनेरी, डावीकडून चढत गेलेला आणि उजव्या हाताला एकदम तुटलेला कडा. "बरोबर. हाच," अध्यक्ष म्हणाले. कार्यवाह खिळ्याची जागा शोधू लागले. वडील अवसरीहून आले होते. ते भिंतीला टेकून उभे होते.

मग त्याने आणि त्याच्या वडिलांनी वळकटी सोडली. पायथ्याची भातखाचरं हळदी-हिरवी होती आणि कातळ बोट लावून पाहावा असा होता. लोकांनी बोटं लावलीच. माझ्या चित्राला कोणी बोट लावलं नव्हतं.

तेवढ्यात मला ते दिसलं. त्या क्षणाचा आनंद मला अजून आठवतो.

"कडा उलट्या बाजूला आहे," मी मोठ्याने म्हणालो. "उजवीकडे हवा. हा डावीकडे आलाय."

सगळ्यांनी पाहिलं. त्यानेही पाहिलं, आणि मग कपाळावर हात मारला. "आयला! आमी पालथं घालतो की. नक्षी आधी तरटावर, लोकर वरनं. उलटलं की खालची बाजू वर. फुलाला काय, कुठनंबी फूलच. डोंगराचं ध्यानातच न्हाई आलं!"

त्याचे वडील म्हणाले, "चाळीस साल फुलं घातली, कुनी इचारलं न्हाई देठ कुठल्या अंगाला."

लोक हसले, पण कार्यवाह खिळा घेऊन पुन्हा माझ्या चित्राकडे वळले. तेव्हा दारातून एक बाई पुढे आली. डोक्यावर हिरड्याची पाटी होती, आणि गडापलीकडच्या, नाणेघाटाच्या वाटेवरच्या गावांतली चार-पाच माणसं तिच्याबरोबर होती.

"उलटा कसा व्हईल?" ती म्हणाली. "आमच्या दारातनं असाच दिसतो. कडा डाव्याच हाताला."

"तुमच्या दारातनं दिसत असंल मावशे," कोणी तरी म्हणालं, "पण हे वाचनालय जुन्नरचं हाय."

"मग तुमचा त्यो काय, बाहेर हुबाच हाय की," तिने पाटी न उतरवता खिडकीकडे हनुवटी केली. "बघा की उठसूट. भितीवर कशाला पायजे?"

अध्यक्षांनी खिडकीतून पाहिलं. शिवनेरी तिथे होता, कडा उजवीकडे, माझ्या चित्रात होता तसाच. ते पुन्हा हसले.

"खरं आहे," ते म्हणाले. "खिडकीत आहे तोच भिंतीवर कशाला?"

खिळे लोकरीसाठी मारले गेले. तो माझ्याकडे आला. "खाका तुझा हाय, गड्या. खाली दोघांची नावं लावू."

"नको," मी म्हणालो.

"आसं काय करतो राव?"

"नको म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मंचरला निघायचं होतं. त्याआधी सकाळी मी नाणेघाटाच्या वाटेने आपटाळ्याच्या बाजूला चालत गेलो, गड मागे पडेपर्यंत, आणि वळून पाहिलं. जुन्नरात इतकी वर्षं राहून मी त्या बाजूला कधी गेलो नव्हतो. तोही गेला नव्हता. कडा डावीकडे होता. उतार, खाचरं, कातळातला बाक, सगळं त्याच्या लोकरीत होतं तसं होतं, आणि ते त्याने न पाहता केलं होतं.

दुकानात मी काही वर्षं काढली, मग वर्तमानपत्रात गेलो. रंग पुन्हा हातात घेतले ते फार उशिरा. जुन्नरला गेलो की वाचनालयात जातो. लोकरीला कसर लागली नाही ना, ते जवळ जाऊन पाहतो. अजून लागलेली नाही.

शिवनेरी मी ॲक्रिलिकमध्ये अनेकदा काढला, पहाटेचा, पावसातला, उन्हाळ्यात करपलेला. लोक घेऊनही जातात. आपटाळ्याकडचं एक कुटुंब मध्यंतरी आलं होतं. त्यांना त्यांच्या बाजूने दिसणारा गड हवा होता. मी त्यांना वाचनालयाचा पत्ता दिला. कडा डावीकडे ठेवून मी तो डोंगर आजवर काढलेला नाही.