टोबायसचा नावानिशी मुजरा

वेस्टमिन्स्टरला पार्लमेंटच्या सभागृहाच्या दाराशी टोबायस हर्डमननं दारवान म्हणून आठ वर्षं काढली. गर्व एकाच गोष्टीचा: सभासद चारशेच्या वर, पण जिना चढून कुणीही येवो, टोबायस टोपी काढून त्याचं नाव घ्यायचा. शेजारी मी असायचो. मला निम्मी नावंसुद्धा येत नसत, म्हणून मी नुसता वाकायचो.

"जोनस, वाकायला बैलही वाकतो," तो मला सुनवायचा. "नाव घ्यावं माणसाचं."

१६४८च्या डिसेंबरात सभेनं लढाईत हरलेल्या राजाशी तडजोड करायचं ठरवलं आणि त्याला हरवणाऱ्या फौजेचं माथं भडकलं. सकाळी जिन्यावर शिपाई उभे. कुणाला आत सोडायचं नाही त्याची यादी अधिकाऱ्याच्या हातात होती. पण त्या नावांचे चेहरे त्याला ठाऊक नव्हते.

टोबायसनं सवयीनं टोपी काढली, नाव घेतलं. अधिकाऱ्यानं यादीवर बोट फिरवलं आणि शिपायांनी त्या सभासदाला दंडाला धरून नेलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्या वेळी आम्हा दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. टोबायस गप्प झाला.

"थांबलास का, म्हातारबा? छान चाललं होतं की!" अधिकारी म्हणाला.

मी खाली धावत जाऊन येणाऱ्यांना परत फिरवू शकलो असतो. नाही गेलो. मला नोकरी प्यारी होती, दुसरं कारण नाही.

तेवढ्यात काठी टेकत सर ॲम्ब्रोज थर्लबी वर आले. टोबायसच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिचे धर्मपिता म्हणून हेच उभे राहिलेले. टोबायस खाली मान घालून उभा.

"काय रे टोबायस, आज आमची ओळखही नाही? का बायकोनं जीभ घरी ठेवून घेतली?"

अधिकारी टोबायसकडे बघत राहिला. टोबायसनं टोपी काढली.

"या, सर ॲम्ब्रोज," तो पुटपुटला.

पुढं उरल्यासुरल्या सभेनं राजाला कुऱ्हाडीखाली दिलं. टोबायसनं नोकरी सोडली. सर ॲम्ब्रोज वसंतात कैदेतून सुटले, ते खोकला घेऊनच. त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं तेव्हा टोबायस पार वाळला होता. सगळं कबूल करायचंच, असं वाटभर म्हणत आला.

सर ॲम्ब्रोजनी सगळ्या घरादारासमोर त्याचा हात धरला. "त्या दिवशी माझ्या जुन्या मित्रांनी माना फिरवल्या. या एकट्यानं टोपी काढून माझं नाव घेतलं!"

टोबायसनं माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे, सरकार," मी म्हणालो. "टोबायस तसाच आहे."