टीव्हीवरची दोन अक्षरं

कपाटात तळहाताएवढा वायरलेस कीबोर्ड सापडला. त्याला अजून बामाचा वास आहे. पक्षाघाताच्या झटक्याने बाबांची वाचा गेली, तेव्हा कुडवा गावातल्या या घरी मी तो टीव्हीला जोडला होता. बारीक कळा त्यांना दाबता येत नव्हत्या; कीबोर्ड हवेत हलवला की पडद्यावरच्या अक्षरांवर बाण फिरायचा; पण बाबांचा हात थरथरायचा आणि बाण अक्षरावर टिकायचा नाही. मी यादी वाचत सुटले: पाणी? गोळी? उशी? ते रडकुंडीला आले. शेवटी पडद्यावर उमटलं, ‘बस’. पुरे झालं, असं समजून मी टीव्ही बंद केला. आई ओरडली, “बंद काऊन केला वो? तुले बसाले सांगून राहिले ते!” बाबा खाट थोपटत होते. माझ्या यादीत तेवढंच नव्हतं. आज आवराआवरीच्या यादीत अजून अकरा कामं आहेत. मी त्याच खाटेवर बसले आहे.